आजोबा, डाव तुमचा !

मुक्ताईनगरला आलेल्या पाहुण्याला तिथली माणसे दोन ठिकाणे दाखविल्यावाचून राहत नाहीत. एक मुक्ताईचे मंदिर आणि दुसरे, तापी आणि पूर्णा या नद्या जिथे एकमेकींना भेटतात तिथले चांगदेवांचे देवालय. चांगदेवांची कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही ? चौदाशे वर्षांचे योगी. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ते ज्ञानदेवांच्या भेटीला निघाले. तेव्हा ही चार भावंडे एका भिंतीवर बसली होती. त्यांनी ती भिंतच चालविली ! आणि पुढे या चौदाशे वर्षांच्या वृद्धाने गुरू केली ती त्या चौघांत सर्वांत धाकट्या मुक्ताईला.

या कथेचा पारमार्थिक अर्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही. मात्र यंदाच्या उन्हाळ्यात मावशीकडे मुक्ताईनगरला, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादला, महिनाभर राहून आले तेव्हापासून तिचा एक साधा, घरगुती अर्थ माझ्या मनात घर करून बसला आहे. बसून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला हालवायचे असेल, तर ते काम बरोबरीच्या माणसाकडून होत नाही, मुलगा-सुनेकडूनही होत नाही. त्याला धाकटे पोरच लागते.

‘तुम्ही बसा !’

आपल्या मध्यमवर्गीय घरांत वडीलधाऱ्यांना सर्वांत अधिक वेळा ऐकावा लागणारा शब्द कोणता असेल, वाचकहो ? ‘बसा’ ! आजी भाजी चिरायला उठली की सून म्हणते, “तुम्ही बसा, आई.” आजोबा दूध आणायला निघाले की मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही कशाला ? बसा.” या शब्दामागे प्रेम असते, आदर असतो आणि चारचौघांत नाव ठेवले जाईल ही भीतीही असते. पण बसण्याने शरीराचे काय होते, हे कोणी पाहत नाही.

अमेरिकेत २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी सदुसष्ट वर्षांच्या, चांगल्या धडधाकट अशा काही स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणावर नुसते पडून राहावयास सांगितले. आजार नाही, ताप नाही, केवळ विश्रांती. दहा दिवसांनी मोजले, तो त्यांच्या पायांचे सरासरी जवळजवळ एक किलो मांस झडलेले ! तरुण माणूस पडून राहिला तरी त्याचे स्नायू उतरतात. पण ते लवकर भरून येतात. उतारवयात गेलेले परत मिळविणे कठीण.

कठीण म्हटले, अशक्य नव्हे. बोस्टनच्या एका वृद्धांच्या रुग्णालयात मारिया फियातारोन या डॉक्टरीणबाईंनी नव्वदीच्या आसपासच्या दहा माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. हा वृत्तान्त १९९० साली छापून आला, तेव्हा वैद्यकीय जगाने तोंडात बोट घातले. नव्वदीतला स्नायूही हाक मारली तर ओ देतो, असा त्याचा अर्थ !

आणि हा प्रश्न केवळ ताकदीचा नाही, पडण्याचाही आहे. म्हातारपणी माणूस एकदा न्हाणीघरात घसरला की कधी हाड मोडते, कधी मोडत नाही. पण धीर मात्र हमखास मोडतो. पडण्याच्या भीतीने तो चालणे कमी करतो. चालणे कमी झाल्याने पाय अशक्त होतात. आणि अशक्त पायांचा माणूस पुन्हा पडतो. हा फेरा तोडावयाचा कसा ? १०८ प्रयोगांतील तेवीस हजारांहून अधिक वृद्धांची माहिती एकत्र करून २०१९ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी भरले. त्यातही तोल सांभाळण्याचे आणि उठण्या-बसण्यासारखे रोजच्या कामाचे व्यायाम अधिक उपयोगी ठरले.

हे सारे खरे. पण आजोबांना व्यायाम करावयास लावणार कोण ? इथे या लेखातले यंत्र येते.

पोरांचे खेळणे म्हाताऱ्यांच्या हाती

व्हिडिओ खेळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो कोचावर लोळून अंगठे चालविणारा नातू. २००६ च्या नोव्हेंबरात जपानच्या निंटेंडो कंपनीने ‘वी’ नावाचे यंत्र बाजारात आणले, ते या चित्राच्या अगदी उलट. टेलिव्हिजनला ते जोडावयाचे आणि मुठीत मावेल एवढी एक कांडी हाती धरावयाची. हाताची हालचाल ओळखणारा एक बारीक भाग त्या कांडीत असतो. तुम्ही हात मागे नेऊन पुढे आणलात की पडद्यावर चेंडू घरंगळत जातो आणि समोर उभ्या केलेल्या दहा लाकडी सोंगट्या पाडतो. हा बोलिंगचा खेळ. टेनिसही आहे, मुष्टियुद्धही आहे. पुढे २००७ साली याच कंपनीने पायांखाली ठेवावयाची एक फळी काढली. तिच्या चार कोपऱ्यांत वजन मोजण्याची सोय असते; त्यामुळे माणूस कोणत्या बाजूला कलतो आहे ते पडद्यावर दिसते.

कंपनीने हे यंत्र साऱ्या कुटुंबासाठी केले होते. पण २००७ च्या आरंभीच शिकागो शहराजवळच्या एका निवृत्तांच्या वसाहतीत त्याने धमाल उडवून दिल्याची बातमी तिथल्या वर्तमानपत्रांत झळकली. सत्तरी-ऐंशीची माणसे बोलिंगच्या स्पर्धा भरवू लागली. तरुणपणी ही मंडळी खरे बोलिंग खेळलेली. तो चेंडू कधी कधी सात किलोंपर्यंत भरतो. खांदे दुखू लागले, तसा तो हातचा सुटला होता. आता चेंडूचे वजन उरले नाही; खेळ मात्र तोच, तसाच परत मिळाला. मग हे लोण अमेरिकेतील आणि युरोपातील वृद्धाश्रमांत आणि रुग्णालयांत पसरले. अर्धांगवायूच्या रोग्यांना हात हलवायला लावण्यासाठी व्यायामोपचार करणारी मंडळीही ते वापरू लागली.

२०१० साली मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणले. त्यात हाती कांडीही नको. यंत्राचा डोळा डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके खोलीभर टाकतो आणि उभ्या माणसाचे सांधे ओळखून त्याची हालचाल पडद्यावर उतरवितो. ही दोन्ही यंत्रे आता बनत नाहीत. ‘वी’ २०१३ साली बंद झाले, ‘किनेक्ट’ २०१७ साली. त्यांची जागा नव्यांनी घेतली आहे. पण जुनी यंत्रे हातोहात फिरत असतात आणि खेळांना म्हातारपण येत नाही.

अर्थात गुणगान करताना तारतम्य हवे. २००७ सालीच स्पेनमधील एका डॉक्टराने आपल्याच खांद्याची हकीकत एका विख्यात वैद्यकीय साप्ताहिकाला कळविली. एकोणतीस वर्षांचा हा गृहस्थ तासन् तास पडद्यावरचे टेनिस खेळला आणि सकाळी उठून पाहतो तो खांदा हलेना ! त्याने आपल्या दुखण्याला यंत्राच्या नावावरून ‘वी-आयटिस’ असे गमतीचे नाव दिले. खेळाने तोल सुधारतो, उत्साह वाढतो असे पुष्कळ लहान लहान प्रयोगांत दिसून आले आहे. तथापि साध्या, शिस्तीच्या व्यायामाहून यंत्र सरस आहे, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मग यंत्राचा उपयोग काय ? तो मला मुक्ताईनगरच्या एका ओसरीवर कळला.

ओसरीवरचा आखाडा

मावशीचा नातू पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीत येताना त्याने कोणाकडून तरी जुने ‘वी’ स्वस्तात मिळवून आणले. दोस्तांसह खेळावे एवढाच त्याचा बेत. पण खानदेशातला उन्हाळा ! पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नाही. गल्लीतली म्हातारी माणसे आमच्या ओसरीच्या गारव्याला येऊन टेकत आणि पोरांचा खेळ बघत बसत. दोन दिवसांनी समोरच्या घरातली कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, “हे नुसते बघत का बसतात ? यांनाही घेऊ या की.”

केळीच्या बागा करण्यात हयात घालविलेले एक आप्पा तिथे होते. गुडघ्यांनी बेजार. ते हसून म्हणाले, “मले या वयात खेयाले लावता का रे पोराहो ?”

“आप्पा, तुम्ही खेळू नका. नुसते उभे राहा. मी तुमच्या मागे आहे,” ती मुलगी म्हणाली आणि कांडीची दोरी तिने त्यांच्या मनगटाला बांधलीसुद्धा !

आप्पांनी ज्वारीच्या मळ्यात पाखरांवर गोफण चालविलेली. त्यांचा हात असा गरकन फिरला, की सगळ्या पोरांनी मागे उड्या घेतल्या. पहिल्याच फटक्यात आठ सोंगट्या खाली ! त्या दुपारी आप्पा किती वेळा खुर्चीवरून उठले आणि बसले, याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही. दिनदर्शिकेच्या पाठीवर गुण मांडणाऱ्या पोराने ठेवली. गुडघे दुखतात म्हणून जे आप्पा देवळाच्या पायऱ्या टाळीत, ते ‘आता डाव माझा’ म्हणून आपण होऊन उठत होते.

माझी मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. माघात ती न्हाणीत घसरली. हाड शाबूत राहिले. पण तेव्हापासून तिने उंबरठा ओलांडला नव्हता. एके काळी मुक्ताईच्या पालखीबरोबर चार-चार मुक्काम पायी गेलेली ही बाई. आता परसात जावयाचे तरी कोणाचा तरी हात धरी. घरात जो तो म्हणे, “तू बस, माय.” खेळ सुरू झाला तेव्हाही ती कोपऱ्यात बसूनच होती. तिसऱ्या दिवशी नातवाने युक्ती केली. म्हणाला, “आजी, आमच्या बाजूला एक गडी कमी पडतो. तू नाही आलीस तर आम्ही हरलो.”

व्यायाम कर, असे डॉक्टरांनी तिला सांगितले होते; मुलाने सांगितले होते; मीही फोनवर सांगितले होते. ती आम्हा सर्वांना ‘हो’ म्हणे आणि बसून राही. ‘तू नाही आलीस तर आम्ही हरलो’ हे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते. एका हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरून ती उठली आणि तिने चेंडू टाकला. तो भलतीकडे गेला. गल्लीतल्या बायका हसल्या, तीही हसली. आणि दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला पदर खोचून तयार!

आरंभी खुर्चीच्या हातांना रेटा दिल्यावाचून तिला उठता येत नसे. महिना सरता सरता हात मांडीवर ठेवून ती उठू लागली. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली, त्या दिवशी काठी टेकीत, नातवाला शेजारी घेऊन ती रस्त्यापर्यंत चालत गेली आणि पालखी जाईपर्यंत उभी राहिली. कोणी खुर्ची पुढे केली, तेव्हा म्हणाली, “मी बसायला आले नाही.”

यंत्र गेले, मग ?

पुढे नातू यंत्र घेऊन पुण्याला गेला. आता ओसरी ओस पडणार, असे मला वाटले. तसे काही अंशी झालेही. एक निवृत्त गुरुजी यायचे थांबले. पडद्यावरच्या चित्राशिवाय त्यांना गंमत वाटेना. पण समोरच्या घरातल्या त्या मुलीने आणि तिच्या धाकट्या भावाने पाण्याच्या दहा रिकाम्या बाटल्या जमविल्या, त्यांत थोडी थोडी वाळू भरली, एक रबरी चेंडू घेतला आणि ओसरीच्या टोकाला बाटल्यांची रांग लावली. बुधवार आणि रविवार ठरला. आप्पा येतात, मावशी येते, आणखी दोघी-तिघी येतात. यंत्राविना तेच बोलिंग, तीच भांडणे, तेच गुण !

खेळाची ओढ यंत्राने लावली, हे कबूल केलेच पाहिजे. नव्या यंत्राचे कुतूहल नसते तर आप्पा पहिल्यांदा उठलेच नसते. पण दुसऱ्या दिवशी आणि महिन्यानंतरही ते उठले, ते मागे उभे राहणाऱ्या त्या मुलीमुळे. आपली कोणीतरी वाट पाहते आहे, आपण नसलो तर डाव अडतो, ही जाणीव औषधाच्या दुकानात मिळत नाही.

हे आपल्याला नवे आहे, असेही नाही. पालखीच्या वाटेवर वारकऱ्यांचे खेळ ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे पटेल. टाळ-मृदंगाच्या तालावर पावली चालते, फुगड्या रंगतात, हुतूतू होतो. पांढऱ्या मिशांचा आजोबा वीस वर्षांच्या पोराचे हात धरून फुगडी घालतो आणि तिथे त्याला कोणी ‘बसा’ म्हणत नाही. देवाच्या नावाने का होईना, वर्षातून महिनाभर तरी म्हातारे आणि तरुण एकाच खेळात असतात. उरलेले अकरा महिने मात्र आपण त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतो.

हे कोणी करावे ? कसे करावे ?

२०११ च्या शिरगणतीत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे दहा कोटी अडतीस लाख भरली होती. इतक्यांना खेळवावयास पोरे कोठून आणायची ? मला वाटते, ती शोधावी लागणार नाहीत. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आज गावोगावच्या महाविद्यालयांत आहे. तिच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाकाठी एकशे वीस तास समाजसेवा करावी, असा नियम आहे. झाडे लावणे, रस्ते झाडणे ही कामे चांगलीच. पण त्या एकशे वीस तासांतले चाळीस तास जर एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वाट्याला आले तर? संघापाशी खोली असते, पुष्कळदा टेलिव्हिजनही असतो. नसते ते एवढेच, की कोणी तरुण माणूस येऊन म्हणेल, “काका, डाव तुमचा.”

ज्यांना हे करावेसे वाटेल, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. खेळावयास उभे राहण्यापूर्वी ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. विशेषतः हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, चक्कर किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर. खाली सतरंजी अंथरू नये, पाय अडकतो. फरशी कोरडी असावी आणि पायांत घट्ट बसणारी पादत्राणे असावीत. लुगड्याचा किंवा धोतराचा सोगा वर खोचलेला बरा. शेजारी न हलणारी, भक्कम खुर्ची हवी. आणि एका खेळाडूमागे एक तरुण माणूस, हात न लावता पण हाताच्या अंतरावर ! ज्याला उभे राहणे जमत नाही त्याने बसून खेळावे. हात तर चालतील. आरंभी दहा मिनिटे पुरेत. छातीत दुखले, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली की डाव तिथेच थांबवावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की पासष्टीच्या पुढच्या माणसांनी आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे दम थोडा वाढेल एवढी हालचाल करावी आणि त्यातले निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांच्या व्यायामाला द्यावेत. आकडा मोठा वाटतो. पण रोजची वीस-पंचवीस मिनिटे म्हटली की तो आवाक्यात येतो.

आणि खेळविणाऱ्या मुलांना एक विनंती. आजोबांना मुद्दाम जिंकू देऊ नका. ते त्यांना लगेच कळते आणि लागते. त्यांना ‘वा, छान’ म्हणून लहान बाळासारखे चुचकारू नका. हरले तर हरू द्या, चिडले तर चिडू द्या. खेळात माणूस बरोबरीचा असतो. कित्येक वर्षांत त्यांना कोणी बरोबरीचे मानलेले नसते.

दिवाळीला घरोघरी नातवंडे जमतात. फराळ होतो, फटाके होतात. मग दुपारी पोरे आपापले फोन घेऊन एका खोलीत आणि आजी-आजोबा टेलिव्हिजनसमोर दुसऱ्या खोलीत. या वर्षी भाऊबिजेच्या दुपारी दोन्ही खोल्यांतली मंडळी एका खोलीत आणून पाहा. यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर बाटल्या आहेत, चेंडू आहे. बाजू पाडताना आजीला आधी निवडा. आणि ती उठू लागली की घरातल्या मोठ्यांनी तेवढे एक पथ्य पाळावे : ‘बसा’ म्हणू नये.